उजवा डोळा, मग पोटरी

तीन आठवडे उजव्या डोळ्याची खालची पापणी लवत होती.
कुमुद म्हणाली, पुरुषाचा उजवा, म्हणजे शुभच.
मी सियागंजातल्या दुकानात बसून शुभाची वाट पाहिली.
आमचं काम काटे दुरुस्त करण्याचं:
किराण्याचे, भंगारवाल्यांचे,
आणि सराफ्यातून येणारे, काचेच्या पेटीतले,
ज्यांच्यासमोर श्वास घेतला तरी वजन बदलतं.
शुभ आलं नाही. विजेचं बिल आलं.
मुंगींचा धाकटा आला, मागच्या दिवाळीचे पैसे
या दिवाळीला देतो म्हणाला.

मग डोळा थांबला आणि पोटरी सुरू झाली.
कातडीखाली कुणी पोर गोट्या खेळतंय,
एक टिचकी, थांबणं, पुन्हा एक टिचकी.
कुमुदनं पंचांगाची मागची पानं काढली.
भुवई, दंड, मांडी, सगळ्यांची फळं छापलेली.
पोटरीपुढे होतं: शत्रूशी सलोखा.
माझा शत्रू कोण,
हे रात्रीचं जेवण संपलं तरी आमचं ठरेना.

अंगठा लवला, उजवा, चिमटा धरायचा,
तेव्हा पंचांग कुणी उघडलं नाही.
एमवायला गेलो.

यंत्रावरची मुलगी खरगोनची होती.
"हाथ ढीला छोड़ो, अंकल," म्हणाली
आणि अंगठ्याच्या गादीत सुई घातली.
यंत्राला कर्णा होता.
आधी नुसती खरखर.
मग राजवाड्यामागच्या भडभुंज्याच्या कढईत
तापल्या वाळूत पहिली लाही फुटावी, तसं
टप्प.
मग बराच वेळ काही नाही.
मग दोन, लागोपाठ.
मी हात हलवत नव्हतो. काही सांगतही नव्हतो त्याला.
एकसष्ट वर्षं माझ्या खर्चानं वाढलेलं मांस
माझ्यादेखत तिसऱ्याशी बोलत होतं.

डॉक्टर तरुण. कागदाची पट्टी पाहून म्हणाला,
"कुछ नहीं है. चहा कमी करा, झोप वाढवा."
मी विचारलं, पण याचा अर्थ काय?
तो पुढच्याचा कागद हातात घेत म्हणाला,
"मतलब कुछ नहीं होता, काका."

रिक्षात मला रशीदमियाँ आठवले.
सोळाव्या वर्षी त्यांनी मला पहिला काटा दिला,
दोन्ही पारडी रिकामी, खिडकी बंद, पंखा बंद,
तरी मधली सुई केसभर इकडे, केसभर तिकडे.
मी म्हटलं, हा तर बिघडलाय.
ते म्हणाले, जो हिलना छोड़ दे उससे डरना.
गंजलेला काटाच तेवढा गप्प बसतो, बेटा.
हे मी कुमुदला सांगितलं, मोठ्यानं, रिक्षाच्या आवाजावरून.
तिनं मान हलवली.
घर येईपर्यंत निम्मं उतरलं.

कारण अप्पाही आठवले.
पंचकुइयाला न्यायच्या आधी, तिरडी बांधून झालेली,
त्यांच्या डाव्या गालाखाली काहीतरी लवलं.
आत्या ओरडली, आहेत!
कुणीतरी दाढीचा आरसा आणून नाकाशी धरला.
आरसा स्वच्छ.
शेजारचे तारे कंपाउंडर होते,
ते हळू म्हणाले, होतं असं,
बातमी सगळीकडे एकदम पोचत नाही.
चाळीस वर्षं झाली.
ती टिचकी मी कुठल्या पारड्यात टाकू
हे मला अजून कळलेलं नाही.

आता चहा एकच घेतो, सकाळी.
पोटरी गप्प आहे. अंगठ्याचा नेम नाही.
काल रात्री दोनच्या सुमारास
कुमुदचा पाय झोपेत दचकला,
जिन्याची एक पायरी चुकावी, तसा.
पडताना धरावं तसं तिनं माझं मनगट धरलं,
डोळे मिटलेलेच.
तिच्या मुठीत माझा अंगठा लवला.
एकदा. मग दोनदा.
"कोण?" ती झोपेतच म्हणाली.
मी काही बोललो नाही.
मला विचारलेलं नव्हतं.